चावा आणि वही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर गावच्या पतपेढीचे बिनपगारी चिटणीस होते. शाळा सुटली की सोसायटीच्या खोलीत जाऊन बसायचे आणि कंदिलाच्या उजेडात खतावणी लिहायचे. माझे वडील म्हशीसाठी कर्ज मागायला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. सरांनी विचारलं, "म्हैस बघितली का?" वडील म्हणाले, "बघितली." "मग उद्या मीही येतो बघायला." दुसऱ्या दिवशी सर खरोखरच आले. म्हशीचे दात बघितले, कास बघितली, आणि मगच अर्जावर सही केली. पुढे आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकवलं, पण पत म्हणजे काय हे मला त्या सकाळी जेवढं कळलं, तेवढं पुस्तकातून क्वचितच कळलं.

संयोजकांनी मला विषय दिला ‘ख्रिस्ती समाजनीतीचा इतिहास’. मी धर्मशास्त्राचा अधिकारी नाही, आणि दोन हजार वर्षांचा पसारा एका संध्याकाळी मांडणं कोणालाच झेपणार नाही. म्हणून मी एकच धागा धरतो, आणि तो म्हणजे व्याज. या विषयावरची व्याख्यानं बहुधा १८९१ पासून सुरू होतात. त्या वर्षी १५ मे रोजी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं आणि कामगारांचा न्याय्य मजुरीचा आणि संघटनेचा हक्क मान्य केला. तिथून १९३१, १९६७, १९८१ अशी परिपत्रकांची एकेक पायरी चढत वक्ता वर्तमानात पोचतो. तो जिना खरा आहे. पण त्यावरून चालताना वाटायला लागतं की समाजनीती म्हणजे वरून खाली येणारा कागद. माझा अनुभव वेगळा आहे. कोणीतरी खाली बसून वही उघडतो तेव्हा ती पुढे सरकते, आणि ही वही उघडायला फार उशीर झाला, असं मला आज सांगायचं आहे.

इसवी सन ३२५. आजच्या तुर्कस्तानातलं इझ्निक, तेव्हाचं निकाया. सम्राट कॉन्स्टन्टाइनने बोलावलेली बिशपांची ही परिषद जगाच्या लक्षात आहे ती ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाच्या वादासाठी. पण त्याच परिषदेने वीस नियमही केले. त्यांतला सतरावा सांगतो की धर्मसेवेतला कोणी शेकडा एक दरमहा व्याज घेत असेल, किंवा दिलेल्याच्या दीडपट वसूल करत असेल, तर त्याला पदावरून काढावं. मराठी माणसाला यावर टीप द्यावी लागत नाही. आपल्याकडेही दर शेकड्यानेच बोलला जायचा, आणि धान्याचं कर्ज सवाई-दिढीने चालायचं: पेरणीला एक मण न्यायचं, खळ्यावर दीड मण घालायचं. जुने कायदे वाचण्यात एक गंमत असते. ज्या गोष्टीला मनाई केलेली असते, ती गोष्ट राजरोस चालू असते. निकायाच्या बिशपांना आपल्याच माणसांच्या चोपड्या ठाऊक होत्या.

बंदीचं मूळ आणखी मागे, जुन्या करारात आहे. व्याजासाठी हिब्रूत ‘नेशेख’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ चावा. साप चावल्यावर आधी काहीच वाटत नाही, मग अंग सुजतं, असं त्यावर भाष्यकारांनी म्हटलं आहे. निर्गम आणि लेवीय या दोन्ही पुस्तकांत गरजू भावाकडून व्याज घेऊ नये अशी आज्ञा आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात तर पन्नासावं वर्ष योबेलचं सांगितलं आहे: त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, कर्जापायी गुलाम झालेला मोकळा व्हावा. पण ‘अनुवाद’ या पुस्तकात एक फट राहिली. परक्याकडून व्याज घ्यायला हरकत नाही, असं तिथे म्हटलं आहे. ही फट पुढे किती रक्त पिणार होती, ते आपण बघणार आहोत.

चौथ्या शतकात या प्रश्नावर सर्वांत धारदार बोलला तो कप्पदोकियातल्या कैसरियाचा बाझिल. आजचं कायसेरी ते हेच. इ. स. ३६८-६९ च्या सुमारास तिथे दुष्काळ पडला. बाझिल जमीनदार घरातला, अथेन्समध्ये शिकलेला. त्याने सावकारीवर केलेलं प्रवचन मी प्रथम वाचलं तेव्हा चकित झालो, कारण त्यातला सावकार मी आमच्या पेठेत पाहिला होता. गरजू दारात येतो. सावकार शपथेवर सांगतो की घरात दमडी नाही, मीच कोणाकडे उसने मिळतात का ते बघतोय. मग गरजू व्याजाचं आणि तारणाचं नाव काढतो. कपाळाच्या आठ्या उतरतात. सावकाराला अचानक आठवतं की तुझ्या-माझ्या वडिलांची दोस्ती होती. बघू म्हणतो, कोणीतरी माझ्याकडे थोडी रक्कम ठेवून गेलंय. पुढचा भाग तर माणसाला झोपू देत नाही. दुसऱ्या एका प्रवचनात बाझिल असा बाप उभा करतो की ज्याला धान्यासाठी एक पोर विकायचं आहे आणि कोणतं विकायचं ते ठरवता येत नाही.

बाझिल कर्ज काढणाऱ्यालाही सोडत नाही. ऋण काढून सण करणाऱ्यांना तो चांगलंच फैलावर घेतो. विहिरीचं पाणी पी, पण दुसऱ्याच्या दारी जाऊ नकोस म्हणतो. इथे मला त्याच्याशी भांडावंसं वाटतं. दुष्काळात ज्याची विहीरच आटली त्याने काय करायचं? पण बाझिल नुसता बोलून थांबला नाही, म्हणूनच त्याचं नाव घ्यायचं. शहराबाहेर त्याने एक वसाहत उभारली. तिथे आजाऱ्यांची, कुष्ठरोग्यांची, वाटसरूंची सोय होती, स्वयंपाकघर होतं, कारागिरांच्या जागा होत्या. त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी तिला नवं नगर म्हणाला. मात्र त्या नगरात भाकरी होती, औषध होतं, कर्ज नव्हतं. भुकेल्याला आज जेवण मिळत होतं. पुढच्या पेरणीला बी कुठून आणायचं, या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

ते उत्तर पुढची हजार वर्षं मिळालं नाही, आणि बंदी मात्र कडक होत गेली. ११७९ च्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलं. १३११ मध्ये भरलेल्या व्हिएनच्या परिषदेने ‘व्याज घेणं पाप नाही’ असं हट्टाने म्हणणाऱ्याला पाखंडी ठरवलं. दान्तेने सावकारांना नरकाच्या सातव्या वर्तुळात गळ्यात पैशाच्या थैल्या अडकवून बसवलं आणि त्यांत पादुआच्या स्क्रोव्हेन्यी घराण्यातल्या एकालाही जागा दिली. त्याच घराण्यातल्या मुलाने बांधलेल्या प्रार्थनालयाच्या भिंती १३०५ च्या सुमारास जोत्तोने रंगवल्या. बापाच्या पैशाचं प्रायश्चित्त म्हणून ते बांधलं, अशी समजूत आहे. असेल. युरोपातली सर्वांत सुंदर भित्तिचित्रं आपण बघतो तेव्हा तीही शेवटी कोणाच्या तरी व्याजातून आली आहेत, हे मनात ठेवायला हरकत नाही.

मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसचा युक्तिवाद लोक आज थट्टेवारी नेतात. तो तितका भाबडा नाही. घर भाड्याने दिलं तर घर राहतं आणि वापर वेगळा विकता येतो. दारू किंवा धान्य मात्र वापरलं की संपलं. त्याची किंमत घेऊन वर वापराचे पैसे मागणं म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणं. पैसा त्या दुसऱ्या जातीचा, असं तो म्हणतो. पण भागीदारीत पैसा घातला आणि बुडाला तर आपलाही बुडेल असं असेल, तर नफ्यात वाटा घेणं त्याला मान्य आहे. माझ्या मते सगळ्या मध्ययुगीन चर्चेचा गाभा इथे आहे. प्रश्न दराचा कमी आणि जोखमीचा जास्त होता: बुडीत आलं तर कोणाच्या पदरात? आपल्या दामदुपटीच्या नियमाने वसुलीला मुद्दलाच्या दुपटीची मर्यादा घातली. तो धनकोला कुठे थांबायचं ते सांगतो. बुडीत वाटून घे असं नाही सांगत.

आता ती फट. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाकडून व्याज घ्यायचं नाही, पण कर्जाची गरज तर संपली नव्हती. ज्यू लोकांना जमीन धरता येत नव्हती, बहुतेक कारागीर संघांची दारं त्यांना बंद होती. व्याजबट्ट्याचा धंदा त्यांच्याकडे ढकलला गेला. मग कर्ज त्यांच्याकडून काढायचं आणि शिव्याही त्यांनाच घालायच्या. राजे त्यांच्यावर कर लादत, कर्जदार खवळले की वस्त्या जळत. ख्रिस्ती समाजनीतीच्या इतिहासातलं हे पान अनेक जण घाईने उलटतात. बंदी घालून पर्याय द्यायचा नाही, आणि तिची किंमत तिसऱ्याच माणसाकडून वसूल करायची. ही सवय फक्त युरोपची होती असं मी म्हणणार नाही.

पर्याय आला तो इटलीत. १४६२ मध्ये पेरुजियाला फ्रान्सिस्कन भिक्षूंनी ‘मोन्ते दि पिएता’ काढली, म्हणजे दयेची रास. देणग्यांतून भांडवल उभं करायचं, गरिबाने अंगरखा, भांडं, औजार गहाण ठेवायचं, आणि कारकुनाचा पगार, जागेचं भाडं निघेल एवढंच थोडं व्याज घ्यायचं. हे थोडंसं व्याजही डोमिनिकन पंडितांना खुपलं. पन्नास वर्षं वाद चालला. पाप ते पापच, मग ते टेबलापाशी बसून चोपडीत लिहा नाहीतर अंधारात करा, असं त्यांचं म्हणणं. अखेर १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेत पोप दहावे लिओ यांनी व्यवस्थेच्या खर्चापुरती आकारणी मान्य केली. चर्चने मान्य केलं की भल्या कामालाही कारकून लागतो आणि कारकुनाला पोट असतं.

इथे टाळ्या वाजवायला हात उचलावे, तोच ते खाली घ्यावे लागतात. या पेढ्यांचा सर्वांत गाजलेला प्रचारक बेर्नार्दिनो दा फेल्त्रे याची प्रवचनं ज्यूद्वेषाने भरलेली होती. १४७५ च्या उपवासकाळात तो ट्रेंटला बोलला. त्याच वर्षी सिमॉन नावाचं एक पोर मेलेलं सापडलं, ज्यूंवर बालहत्येचा आळ आला, छळ करून कबुल्या घेतल्या आणि माणसं मारली. त्या पोराचा पंथ चालू राहिला. चर्चने तो १९६५ मध्ये बंद केला. गरिबांसाठी पेढी काढणारा आणि शेजाऱ्याविरुद्ध भडकवणारा असा एकच माणूस. असे लोक आपल्याही सार्वजनिक जीवनात भेटतात, एवढं बोलून पुढे जातो.

प्रोटेस्टंट सुधारणावादाकडे मी थोडक्यात वळतो. कॅल्विनने १५४५ मध्ये एका पत्रात व्याजाची सरसकट बंदी सोडली. मात्र गरिबाकडून घेऊ नये, कर्जदारालाही तेवढाच लाभ व्हावा, अशा अटी घातल्या. पुढच्या व्यापाऱ्यांनी परवानगी लक्षात ठेवली आणि अटी विसरले. कॅथलिक बाजूला १७४५ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी जुनी बंदी पुन्हा उच्चारली, आणि १९१७ च्या धर्मसंहितेने कायदेशीर व्याज मान्य करून टाकलं. इंग्लंडच्या टॉनी या इतिहासकाराने या सगळ्याकडे पराभव म्हणून बघितलं: धर्माने बाजारातून माघार घेतली. त्याचं ते प्रसिद्ध पुस्तकही १९२२ मधल्या स्मृतिव्याख्यानांतूनच झालं होतं. आपल्या व्याख्यानमालेला हे ऐकून बरं वाटेल. टॉनीचा मला आदर आहे, पण माघारीच्या त्या कथेत एक माणूस बसत नाही.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. जन्म १८१८, जर्मनीतल्या हाम या गावी. डोळे अधू झाले म्हणून सैन्यातली नोकरी सुटली, आणि १८४५ मध्ये वेस्टरवाल्डच्या डोंगराळ, नापीक मुलखात वायरबुश इथे तो महापौर झाला. महापौर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शहर येतं. हा काही खेड्यांचा कारभारी होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात पीक बुडालं. सरकारने पीठ पाठवलं, पण ते रोखीने विकायच्या अटीवर. रोख कोणाकडे होती? त्याने सुस्थितीतल्या गावकऱ्यांकडून पैसे गोळा केले, पीठ उधारीवर वाटलं, सार्वजनिक भट्टी बांधून पाव भाजले. १८४९ मध्ये फ्लामर्सफेल्डला त्याने दुसरी संस्था काढली. साठ सधन लोक जामीन राहिले आणि शेतकऱ्याला गाय हप्त्याने मिळू लागली. त्याआधी गाय सावकाराकडूनच घ्यावी लागे आणि हप्ता चुकला की ती गोठ्यातून परत जाई.

रायफायझन निष्ठावंत प्रोटेस्टंट. श्रीमंतांनी गरिबांना हात द्यावा हे त्याच्या मते ख्रिस्ताचं सरळ सांगणं होतं. १८५४ मध्ये हेडेसडॉर्फला त्याने जी संस्था काढली, तिच्या कामांत अनाथ मुलं होती, तुरुंगातून सुटलेल्यांना काम होतं, ग्रंथालय होतं. आणि ती हळूहळू थंडावली. श्रीमंतांचा उत्साह ओसरला. ज्याला स्वतः कधी कर्ज लागणार नाही, तो बैठकीला किती दिवस येणार? १८६४ मध्ये त्याने ती मोडून नवी बांधली. आता कर्जदार स्वतः सभासद. एक गाव, फार तर एका धर्मग्रामाएवढी हद्द. जबाबदारी अमर्याद, म्हणजे एकाने बुडवलं तर सगळ्यांनी भरायचं. संचालक बिनपगारी. लाभांश नाही, नफा राखीव निधीत, आणि तो निधी कोणी वाटून घ्यायचा नाही. पाहा, अक्वायनसचा जोखमीचा प्रश्न इथे सुटला: बुडीत आलं तर सगळ्यांच्या पदरात. म्हणूनच शेजारी विचारतो, कर्ज गायीसाठी की गुत्त्यासाठी? म्हणूनच चिटणीस म्हैस बघायला येतो.

दानावरचा विश्वास सोडायला या माणसाला खूप जड गेलं, आणि त्यामुळेच तो मला मोठा वाटतो. १८६६ मध्ये त्याने आपल्या पतसंस्थांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा दृष्टी जवळजवळ गेली होती आणि लिखाणाला मुलगी अमालीची मदत होती. ‘रेरुम नोव्हारुम’ला अजून पंचवीस वर्षं होती. त्या परिपत्रकात नव्या वेशातल्या सावकारीचा निषेध आहे. उपाय मात्र हेडेसडॉर्फच्या वहीत आधीच लिहिलेला होता. त्यालाही डाग आहे, तो लपवत नाही: ज्यू व्यापाऱ्यांविषयीचे कडवट पूर्वग्रह रायफायझनच्या लिखाणात आहेत. ती जुनी फट त्याच्याही मनात होती.

आता आपल्या घराकडे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते रोखे आणि खतं. ती त्यांनी जाळली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव पडला होता, सारा वाढला होता आणि कोर्ट सावकाराच्या बाजूने हुकूमनामे देत होतं. सरकारने आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. म्हणजे निकायाचाच मार्ग, सावकाराचे हात बांधायचे. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे शेतकी बँकेची योजना घेऊन झगडले. तिला मंजुरी मिळाली नाही. १८९५ आणि १८९७ मध्ये मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सनने दोन खंडांचा अहवाल दिला, आणि त्याचा निष्कर्ष असा की आधी एखादा रायफायझन शोधून काढा. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा त्यातूनच आला. ग्रामीण संस्थांसाठी त्यात अमर्याद जबाबदारीचं तत्त्व घातलं होतं. वेस्टरवाल्डच्या कारभाऱ्याचा ख्रिस्ती प्रयोग अशा वाटेने, धर्माचं नाव पुसून, आमच्या गावच्या कंदिलाखाली आला. सरांना तो कुठून आला हे ठाऊक असावं असं मला वाटत नाही. माहीत असण्याची गरजही नव्हती.

वसईत मात्र ते नाव पुसलं गेलं नाही. तिथे १९१८ मध्ये मॉन्सेन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी कॅथलिक समाजासाठी सहकारी पतपेढी काढली, तीच पुढे बँक झाली. निकायाच्या परिषदेने ज्यांना व्याजाच्या चोपडीपासून दूर राहायला सांगितलं, त्यांच्यातल्याच एकाने सोळा शतकांनी चोपडी उघडली, आणि धर्माला ते शोभून दिसलं.

योबेलचीही आठवण कोणीतरी ठेवली. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅमला श्रीमंत राष्ट्रांचे नेते जमले असताना ‘ज्युबिली २०००’ चळवळीतल्या हजारो माणसांनी शहराभोवती साखळी धरली. मागणी लेवीयमधली होती: गरीब देशांची न फिटणारी कर्जं माफ करा. पुढच्या वर्षी कोलोनच्या बैठकीत ती काही अंशी मान्य झाली. कर्जमाफीचं राजकारण रोज बघणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातल्या अडचणी वेगळ्या सांगायला नकोत.

आता शेवटचा प्रसंग. २०१३ च्या जुलैत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी ‘वोंगा’ या कंपनीविरुद्ध आवाज उठवला. पगार होईपर्यंत पुरेल असं लहान कर्ज मोबाइलवर काही मिनिटांत, आणि जाहिरातीत वार्षिक दर छापलेला ५,८५३ टक्के. पोटापाण्याचं कारण सांगायचं नाही, म्हैस दाखवायची नाही. वेल्बी कंपनीच्या प्रमुखाला म्हणाले की आम्ही कायदा करून तुम्हाला बंद पाडणार नाही. आमच्या पतसंस्था काढू आणि स्पर्धेत हरवू. बाझिल आणि रायफायझन दोघांनाही आनंद झाला असता. दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात आलं की चर्च ऑफ इंग्लंडचा पैसा, एका गुंतवणूक निधीच्या मार्गे, त्याच वोंगात होता. रक्कम ७५,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे चर्चच्या गंगाजळीत किरकोळच. वेल्बींनी लाज वाटते हे कबूल केलं. ती रक्कम बाहेर काढायला पुढचं वर्ष उजाडलं.

२०१५ पासून ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने दिवसाला ०.८ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वोंगा कोसळली. मागे राहिली दोनेक लाख कर्जदारांची खाती. फ्रँक फील्ड या खासदाराने वेल्बींना पत्र लिहिलं: चर्चने पुढाकार घेऊन ही खाती विकत घ्यावीत, नाहीतर ती आणखी वाईट माणसाच्या हाती जातील. चर्चच्या आयुक्तांनी विचार केला आणि कळवलं की हे काम करायला आम्ही योग्य नाही. खतावणी दारात आली होती. ती त्यांनी आत घेतली नाही.